लिनक्स सुरूच होईना? आणीबाणीचा बूट पेनड्राइव्ह आधीच बनवून ठेवा

लॅपटॉप सुरू केला आणि लॉगिनच्या पडद्याऐवजी काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ग्रब रेस्क्यू' एवढंच येऊन कर्सर लुकलुकत राहिला, की नवख्याच्या पोटात गोळा येतो. वर्षानुवर्षांचे फोटो, ऑफिसचं काम, पोरांचे प्रोजेक्ट, सगळं गेलं असं वाटायला लागतं. खरं तर अशा वेळी फायली बहुधा जागच्या जागी असतात; बिघडलेला असतो तो त्यांच्यापर्यंत नेणारा पहिला टप्पा. तो दुरुस्त करायला बाहेरून दुसरी एखादी लिनक्स चालू करावी लागते, आणि ती ज्या पेनड्राइव्हवरून चालू करायची तो मशीन धडधाकट असतानाच बनवून ठेवायचा असतो. मशीन पडल्यावर रात्री अकरा वाजता दुसऱ्याचा कॉम्प्युटर मागून, मोबाइलच्या डेटावर सहा जीबीची फाइल उतरवत बसणं कुणाच्या नशिबी येऊ नये.

पूर्वी हे काम फ्लॉपीवर चालायचं. 1.44 एमबीच्या एका फ्लॉपीत कर्नल (लिनक्सचा गाभा), दुसरीत चार हत्यारं, आणि ती जोडी ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेली. स्लॅकवेअर, रेड हॅटसारख्या लिनक्स बसवतानाच 'बूट फ्लॉपी बनवू का?' असं विचारलं जायचं. 'टॉम्सआरटीबीटी' नावाच्या एका फ्लॉपीने तर नेहमीपेक्षा वेगळं फॉरमॅटिंग करून 1.722 एमबी जागा काढली होती आणि तेवढ्यात दुरुस्तीचा अख्खा संसार बसवला होता. 2000 साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी 'नॉपिक्स' आणलं. सीडी घाला, डिस्कला हात न लावता पूर्ण डेस्कटॉप चालू. आजचे सगळे लाइव्ह पेनड्राइव्ह त्याच वाटेने आलेले. फ्लॉपीच्या काळातली एक गोष्ट मात्र मध्ये हरवली: ती फ्लॉपी *त्या* मशीनसाठी बनवलेली असायची. आता आपण इंटरनेटवरची सर्वांना सारखी असलेली फाइल उतरवतो, पेनड्राइव्हवर टाकतो आणि झालं असं समजतो. ही हरवलेली गोष्ट परत कशी आणायची, तेही खाली येईल.

एक खुलासा. आज्ञा इथे उच्चारतात तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान. 'एलएसबीएलके' म्हणजे पाच लहान अक्षरं, मध्ये जागा नाही. '/डेव्ह' हे तीन अक्षरी फोल्डर, '/एमएनटी' हेही तीनच. उदाहरणाला उबंटू 24.04 घेतली आहे, कारण नवीन लोकांच्या मशीनवर बहुधा तीच किंवा तिच्या गोतावळ्यातली मिंट असते. डेबियनलाही जवळपास सगळं असंच.

काय काय लागेल

एक पेनड्राइव्ह, 32 जीबीचा. 16 मध्येही भागतं, पण किमतीत फारसा फरक नसतो. यूएसबी 3 चा घ्या, कारण लाइव्ह सिस्टिम पूर्णपणे याच्यावरून चालणार आहे आणि जुना संथ पेनड्राइव्ह असेल तर प्रत्येक क्लिकला जांभई येईल. रस्त्यावरच्या ढिगातला 'दोन टीबी' लिहिलेला स्वस्त पेनड्राइव्ह घेऊ नका. त्यातले बरेच खोटे असतात: आत चिप 8 किंवा 16 जीबीची, आणि बाहेर कंट्रोलर खोटा आकार सांगतो. खरी जागा संपली की पुढचं सगळं लिखाण हवेत जातं, आणि कॉपी करताना चूक दिसतही नाही. शंका असेल तर लिनक्सवर 'एफ3' नावाचं हत्यार आणि विंडोजवर 'एच2टेस्टडब्ल्यू' खरी क्षमता तपासून देतं.

शिवाय एक वेगळी बाहेरची हार्ड डिस्क, बिघाडाच्या वेळी फायली काढून ठेवायला. ही पेनड्राइव्हपेक्षा महत्त्वाची, पण तिच्यावर वेगळा लेख व्हावा.

पेनड्राइव्हवर दोन गोष्टी टाकायच्या आहेत. पहिली, तुमच्या मशीनवर आहे त्याच लिनक्सची, जमल्यास त्याच आवृत्तीची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी लिनक्स भरलेली एकच फाइल. उबंटू 24.04 ची डेस्कटॉप आयएसओ सुमारे 6 जीबीची आहे. दुसरी, 'सिस्टिमरेस्क्यू' ही खास दुरुस्तीसाठीच बनवलेली लिनक्स. पूर्वी ती जेंटू नावाच्या लिनक्सवर उभी होती, 2019 पासून आर्च नावाच्या लिनक्सवर आहे. पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) हाताळणं, मरत आलेल्या डिस्कवरून माहिती ओढणं, पासवर्ड बदलणं, याची सगळी हत्यारं तिच्यात आधीच भरलेली असतात, त्यामुळे इंटरनेट नसलं तरी अडत नाही. दोन्ही कशाला? उबंटूची लाइव्ह डिस्क ओळखीची, माऊसने चालणारी आणि तुमच्या मशीनच्या वाय-फायशी बहुधा जमवून घेणारी. सिस्टिमरेस्क्यू थोडी रुक्ष, पण डिस्कच आजारी असेल तेव्हा तीच कामाची.

फाइल उतरवा आणि पडताळा

आयएसओ नेहमी त्या-त्या लिनक्सच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. उतरवून झालं की पडताळणी. हा टप्पा बहुतेक जण गाळतात. दोन मिनिटांचं काम आहे, गाळू नका. अर्धवट उतरलेली आयएसओ अगदी सुरू होण्यापर्यंत जाते आणि मग मध्येच काहीतरी अगम्य चूक दाखवून थांबते. नेमकं त्या वेळी कळत नाही की दोष लॅपटॉपचा आहे की पेनड्राइव्हचा.

उबंटूच्या साइटवर आयएसओच्या शेजारीच 'एसएचए256सम्स' नावाची छोटी फाइल असते (हे नाव मात्र सगळं मोठ्या अक्षरांत). ती त्याच फोल्डरमध्ये उतरवा आणि तिथे टर्मिनल उघडून:

एसएचए256सम -सी --इग्नोअर-मिसिंग एसएचए256सम्स

इथेही शेवटचं नाव मोठ्या अक्षरांत, आधीची आज्ञा लहान. फाइलच्या नावापुढे 'ओके' आलं की पुढे जा. 'फेल्ड' आलं तर आयएसओ पुन्हा उतरवा, तिच्यावर वेळ घालवू नका. विंडोजवर असाल तर 'सर्टयुटिल -हॅशफाइल', मग फाइलचं नाव, मग 'एसएचए256'. यातून येणारी 64 अक्षरांची ओळ साइटवरच्या ओळीशी जुळवून पाहा.

कोणता ड्राइव्ह कोणता, हे आधी ठरवा

इथे थोडं थांबून, डोळे उघडे ठेवून काम करायचं. पुढच्या पायरीत जो ड्राइव्ह निवडाल तो पूर्ण पुसला जाणार आहे. पेनड्राइव्ह लावा आणि:

एलएसबीएलके -ओ नेम,साइज,ट्रॅन,मॉडेल

जुन्या लेखांतून वाचलेलं असतं की 'एसडीए' ही घरची डिस्क आणि 'एसडीबी' हा पेनड्राइव्ह. हे साटा डिस्कच्या काळात ठीक होतं. आता बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई डिस्क असते. तिचं नाव 'एनव्हीएमई0एन1' असं लांबलचक येतं आणि 'एसडीए' हे नाव मोकळं राहून पेनड्राइव्हला मिळतं. जुन्या मशीनवर नेमकं उलटं. म्हणून पाठ केलेल्या अक्षरावर भरवसा ठेवू नका. यादीत 'ट्रॅन' या रकान्यात जिथे 'यूएसबी' लिहिलंय आणि आकार 28-29 जीबीच्या आसपास आहे (32 जीबीचा पेनड्राइव्ह इथे तेवढाच दिसतो), तो तुमचा. तरीही खात्री वाटत नसेल तर पेनड्राइव्ह काढून तीच आज्ञा पुन्हा द्या. जी ओळ गायब झाली ती त्याची. बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती या कामापुरती काढूनच ठेवा.

पेनड्राइव्ह तयार करणं

दोन रस्ते आहेत. साधा रस्ता 'डीडी' या आज्ञेचा: आयएसओ जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवायची. लिनक्सवाले डीडीला थट्टेने 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात ते उगाच नाही; ती काहीही विचारत नाही, जे सांगाल ते पुसून लिहिते. हा रस्ता पक्का आहे, पण एका पेनड्राइव्हवर एकच आयएसओ बसते, ती बसल्यावर ड्राइव्ह फक्त वाचता येतो, आणि उरलेली वीसेक जीबी सरळपणे वापरता येत नाही. आपल्याला तर तिथे स्वतःच्या नोंदीही ठेवायच्या आहेत.

म्हणून माझी पसंती 'व्हेन्टॉय'ला. हे एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की त्याचे दोन भाग होतात: एक छोटा 32 एमबीचा, ज्यात बूट करणारा प्रोग्रॅम असतो, आणि दुसरा मोठा, एक्सफॅट फॉरमॅटचा, जो साध्या पेनड्राइव्हसारखाच विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे उघडतो. त्यात आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या. बूट केल्यावर व्हेन्टॉय त्यांची यादी दाखवतं आणि हवी ती निवडता येते.

विंडोजवर व्हेन्टॉयची झिप उघडून आतला प्रोग्रॅम चालवा, वर ड्राइव्ह निवडा, 'इन्स्टॉल' दाबा. लिनक्सवर फाइल उलगडून त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि:

सुडो एसएच व्हेन्टॉय2डिस्क.एसएच -आय /डेव्ह/एसडीए

या नावातली दोन अक्षरं, व्हेन्टॉयचं आणि डिस्कचं पहिलं, मोठी आहेत. नाव अर्धं टाइप करून टॅब दाबलंत तर उरलेलं आपोआप भरलं जातं. 'एसडीए'च्या जागी वर शोधलेलं स्वतःचं नाव, आणि तेही अख्ख्या ड्राइव्हचं, 'एसडीए1' नाही. '-आय' हे अक्षर लहानच ठेवा: लहान असेल तर आधीच व्हेन्टॉय असलेल्या पेनड्राइव्हवर ते काम करायला नकार देतं, मोठं असेल तर जबरदस्तीने सगळं पुसतं. प्रोग्रॅम ड्राइव्हचं नाव आणि आकार दाखवून दोनदा विचारतो. दोन्ही वेळा वाचूनच 'वाय' दाबा.

मग दोन्ही आयएसओ कॉपी करा. इथे लिनक्सवर एक गंमत होते. कॉपीची पट्टी झर्रकन शंभर टक्क्यांपर्यंत पोचते आणि वाटतं, अरे वा, वेगवान निघाला. प्रत्यक्षात फाइल अजून रॅममध्येच असते आणि तिथून ती सावकाश पेनड्राइव्हवर उतरत असते. तेवढ्यात ड्राइव्ह उपसलात तर आयएसओ अर्धीच राहील, आणि तुम्ही आधी केलेली पडताळणी वाया. टर्मिनलमध्ये नुसतं 'सिंक' टाइप करून एंटर दाबा. जोवर पुढची ओळ येत नाही तोवर हात लावायचा नाही. एक-दोन मिनिटं लागतील, संथ ड्राइव्हला दहाही लागतात.

आपल्या मशीनची माहिती त्यावर ठेवा

फ्लॉपीच्या काळातली जी गोष्ट हरवली म्हटलं, ती ही. पेनड्राइव्हच्या मोठ्या भागात 'माहिती' नावाचं एक फोल्डर करा आणि त्यात चार आज्ञांचं उत्तर साठवा. प्रत्येक आज्ञेपुढे '>' हे चिन्ह आणि फाइलचं नाव दिलं की उत्तर पडद्याऐवजी फाइलमध्ये जातं.

एलएसबीएलके -एफ
सुडो एफडिस्क -एल
सुडो ईएफआयबूटएमजीआर -व्ही
कॅट /ईटीसी/एफएसटॅब

पहिल्यातून कळतं कोणत्या पार्टिशनवर काय आहे आणि त्याचा यूयूआयडी, म्हणजे स्वतंत्र ओळख-क्रमांक, कोणता. दुसऱ्यातून प्रत्येक पार्टिशन कुठे सुरू होतं, कुठे संपतं. पार्टिशनची यादीच पुसली गेली तर हे आकडे सोन्याच्या मोलाचे ठरतात. तिसऱ्यात यूईएफआयमधला (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम; जुन्या मशीनवर त्याच्या जागी बायोस) बूटचा क्रम. चौथ्यात लिनक्स सुरू होताना काय-काय जोडायचं त्याची यादी. मशीन बंद पडल्यावर या माहितीसाठी अंधारात चाचपडावं लागतं, आत्ता ती अर्ध्या मिनिटात मिळते.

लिनक्स बसवताना डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) केली असेल तर 'लक्स' हेडरची, म्हणजे त्या कुलपाची माहिती असलेल्या भागाची, प्रतही घ्या:

सुडो क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप /डेव्ह/एनव्हीएमई0एन1पी3 --हेडर-बॅकअप-फाइल हेडर.आयएमजी

लक्सहेडरबॅकअपमधलं 'हेडर'चं आणि 'बॅकअप'चं पहिलं अक्षर मोठं. पार्टिशनचा क्रमांक तुमचा स्वतःचा. हेडर खराब झाला तर पासवर्ड अचूक माहीत असूनही डिस्क उघडत नाही, मग कुणीच काही करू शकत नाही. मात्र ही प्रत याच पेनड्राइव्हवर ठेवू नका, घरात दुसरीकडे ठेवा. आज जुना पासवर्ड बदललात तरी या जुन्या प्रतीवर तो चालतच राहतो.

लॅपटॉपवर विंडोजही असेल तर अजून एक काम: बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये काही बदललं की विंडोज पुढच्या वेळी 48 आकडी की मागू शकतं, आणि लिनक्स सुधारण्याच्या नादात विंडोजचं दार लागून बसलं असं होतं.

एकदा चालवून बघा

ज्यावरून तुमचं मशीन एकदाही सुरू झालेलं नाही असा पेनड्राइव्ह म्हणजे हवा न तपासलेली स्टेपनी. त्यामुळे हे आजच करायचं.

मशीन बंद करा, पेनड्राइव्ह लावा, सुरू करताच बूट मेनूची कळ टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ12, एचपीवर एस्केप आणि मग एफ9, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप, एसरवर एफ12 (पण एसरच्या काही मशीनवर तो मेनू आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो). यादीत पेनड्राइव्ह कधी दोनदा दिसतो, त्यातल्या एकापुढे 'यूईएफआय' लिहिलेलं असतं. गेल्या दहा वर्षांतलं मशीन असेल तर तोच निवडा.

सिक्युअर बूट (ओळख न पटलेला प्रोग्रॅम बूट होऊ न देणारी यूईएफआयची सोय) चालू असेल तर पहिल्यांदा 'व्हेरिफिकेशन फेल्ड' असं दिसून निळा पडदा येईल. घाबरायचं कारण नाही. 'ओके' करा, मग 'एनरोल की फ्रॉम डिस्क', मग 'व्हीटीओवायईएफआय' नावाचा भाग, आणि त्यातली 'एनरोल धिस की' असं सुरुवातीला लिहिलेली फाइल. 'कंटिन्यू', 'येस', रीबूट. हे एका मशीनवर एकदाच. इतकं करूनही सिस्टिमरेस्क्यू अडून बसली तर सिक्युअर बूट तेवढ्यापुरतं बंद करावं लागेल. बिटलॉकरची की हाताशी ठेवायला सांगितली ती यासाठीच.

उबंटू निवडली की थोड्या वेळाने डेस्कटॉप येतो आणि इन्स्टॉल करायची खिडकी आपोआप उघडते. ती बंद करा किंवा 'ट्राय उबंटू' निवडा. आपल्याला काहीही इन्स्टॉल करायचं नाही. आता बघा: ट्रॅकपॅड चालतोय? वाय-फाय दिसतंय? दिसत नसेल तर मोबाइल केबलने जोडून त्यात 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, बहुतेक अँड्रॉइड फोनवर लगेच इंटरनेट मिळतं. घरची डिस्क फाइल मॅनेजरमध्ये उघडून तुमचं होम फोल्डर दिसतंय का, त्यातली एखादी फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी होतेय का, हे करून बघा. आणि ही आज्ञा:

एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय

काही नावं आली तर तुम्ही यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आहात. 'नो सच फाइल' आलं तर जुन्या बायोस पद्धतीने. तुमची लिनक्स ज्या पद्धतीने बसवली असेल त्याच पद्धतीने पेनड्राइव्ह सुरू व्हायला हवा, नाहीतर पुढची बूटलोडरची (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, उबंटूत तो म्हणजे 'ग्रब') दुरुस्ती होत नाही. बूटची कळ सापडली की ती 'माहिती' फोल्डरमध्ये ठेवू नका, पेनड्राइव्हवरच मार्करने लिहा. फोल्डर उघडायला आधी बूट व्हावं लागतं!

वेळ आलीच तर

सगळ्यात आधी, पेनड्राइव्ह काढायची गरज आहे का ते बघा. अपडेटनंतर लिनक्स अडली असेल तर सुरू करताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रबचा मेनू आणा, 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. बऱ्याचदा तिथेच मिटतं. लिनक्स गायब होऊन थेट विंडोज उघडत असेल तर विंडोजच्या अपडेटने फक्त बूटचा क्रम बदललेला असू शकतो. यूईएफआयमध्ये जाऊन 'उबंटू' वर सरकवा.

ते नाही जमलं, तर पेनड्राइव्ह. आणि क्रम हाच: आधी फायली बाहेर काढा, मग दुरुस्ती. लोक उत्साहात आधी दुरुस्तीला हात घालतात आणि जे शाबूत होतं तेही घालवतात.

डिस्क कुरकुर करत असेल, किंवा 'डीमेसेज' या आज्ञेत (लिहिताना डीएमईएसजी) 'आय/ओ एरर' असं वारंवार दिसत असेल, तर फाइलसिस्टिम दुरुस्त करायचा विचारही नको. सिस्टिमरेस्क्यू चालू करा आणि 'डीडीरेस्क्यू'ने अख्ख्या डिस्कची प्रत मोठ्या बाहेरच्या डिस्कवर घ्या:

डीडीरेस्क्यू -डी /डेव्ह/एसडीए प्रत.आयएमजी प्रत.मॅप

'एसडीए'च्या जागी आजारी डिस्कचं नाव. हे हत्यार आधी चांगला भाग भरभर वाचून घेतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. शेवटच्या मॅप फाइलमुळे मध्ये वीज गेली तरी पुढच्या वेळी जिथे थांबलं तिथूनच सुरू होतं.

एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांसाठी. 'घरचे फोटो', 'आईची कागदपत्रं' अशी मराठी नावं दिलेली फोल्डरं सिस्टिमरेस्क्यूच्या काळ्या पडद्यावर चौकोन-चौकोन दिसतात. फायली बिघडलेल्या नसतात. लिनक्सच्या साध्या कन्सोलला देवनागरी दाखवताच येत नाही. त्या कामापुरती उबंटूची लाइव्ह वापरा, तिथे मराठी नीट दिसतं.

आता नेहमीचे दोन बिघाड.

पहिला: सुरू होताना 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत दीड मिनिट थांबतं आणि मग 'इमर्जन्सी मोड'. बऱ्याचदा एफएसटॅबमध्ये नोंद असलेली एखादी जादा डिस्क किंवा पार्टिशन आता नसतं, म्हणून ते वाट पाहत बसतं. उबंटूवर तर हा मोड आत शिरूही देत नाही, 'रूट अकाउंट लॉक्ड' म्हणतो, कारण तिथे रूटला (सर्वाधिकार असलेल्या खात्याला) पासवर्डच दिलेला नसतो. म्हणून बाहेरून उघडायचं:

सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई0एन1पी2 /एमएनटी
सुडो नॅनो /एमएनटी/ईटीसी/एफएसटॅब

कोणती ओळ जास्तीची आहे ते पेनड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीशी ताडून बघा आणि तिच्या सुरुवातीला '#' लावा. ओळ पुसू नका. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स, रीबूट. पुढे ती डिस्क पुन्हा वापरायची असेल तर त्या ओळीच्या पर्यायांत 'नोफेल' हा शब्द घाला, म्हणजे डिस्क नसली तरी लिनक्स अडणार नाही.

दुसरा: तोच 'ग्रब रेस्क्यू'. पार्टिशन पुसलं, हलवलं किंवा त्यांचे क्रमांक बदलले की ग्रबला स्वतःच्याच फायली सापडत नाहीत. उबंटूची लाइव्ह सुरू करा, 'एलएसबीएलके -एफ' ने मूळ पार्टिशन (ईएक्सटी4) आणि ईएफआयचं छोटं पार्टिशन (व्हीफॅट) ओळखा. मग ओळीने:

सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई0एन1पी2 /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई0एन1पी1 /एमएनटी/बूट/ईएफआय
सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
सुडो माउंट --आरबाइंड /प्रॉक /एमएनटी/प्रॉक
सुडो माउंट --आरबाइंड /सिस /एमएनटी/सिस
सुडो माउंट --आरबाइंड /रन /एमएनटी/रन
सुडो सीएचरूट /एमएनटी

पहिल्या ओळीनंतर 'एलएस /एमएनटी' करून ईटीसी, होम, यूएसआर अशी नावं दिसतात ना, ते बघून घ्या. बाकी अनेक ठिकाणी नुसतं '--बाइंड' लिहिलेलं सापडेल. त्याने '/सिस'च्या आत वेगळे जोडलेले यूईएफआयचे व्हेरिएबल्स बरोबर येत नाहीत, आणि मग पुढची आज्ञा 'ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड' म्हणून रडते. 'आर' लावा, तो प्रश्नच येत नाही.

सीएचरूटनंतर तुम्ही पेनड्राइव्हवरून चालत असलात तरी आज्ञा तुमच्या स्वतःच्या लिनक्सच्या आत चालतात. तिथे:

ग्रब-इन्स्टॉल
अपडेट-ग्रब

जुन्या बायोसचं मशीन असेल तर ईएफआयची ओळ वगळा आणि ग्रब-इन्स्टॉलपुढे अख्ख्या डिस्कचं नाव द्या, '/डेव्ह/एसडीए' असं. 'नो एरर रिपोर्टेड' आलं की 'एक्झिट', मग रीबूट, पेनड्राइव्ह काढा. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर या सगळ्याच्या आधी 'क्रिप्टसेटअप ओपन' ने ती उघडावी लागते आणि मग 'व्हीजीचेंज -एवाय' ने आतले भाग जागे करावे लागतात. तिथे '/बूट' बहुधा वेगळ्या पार्टिशनवर असतं, तेही जोडायला विसरू नका. फेडोरावाल्यांनी मात्र ही कृती जशीच्या तशी वापरू नये, तिथे डेस्कटॉपवर बीटीआरएफएस आहे आणि मूळ भाग 'सबव्हॉल्यूम' सांगून जोडावा लागतो.

याच सीएचरूटमधून विसरलेला पासवर्डही बदलता येतो: 'पासडब्ल्यूडी' आणि पुढे आपलं युजरनेम. म्हणजेच एन्क्रिप्शन नसेल तर तुमचा लॅपटॉप चोरणाऱ्यालाही हे जमेल. डिस्क भरून लॉगिन अडलं असेल तर 'ॲप्ट क्लीन' आणि 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=200एम' (शेवटचं 'एम' मोठं) ही दोन पुरतात. फाइलसिस्टिम तपासायची तर आधी 'सुडो ई2एफएससीके -एफएन' आणि पुढे पार्टिशनचं नाव. 'एन' असल्यामुळे हे फक्त बघतं, काही बदलत नाही. आणि जोडलेल्या, म्हणजे माउंट केलेल्या पार्टिशनवर हे कधीच चालवू नका.

पेनड्राइव्हची देखभाल फारशी नसते. पार्टिशन बदललं, नवी डिस्क लावली किंवा लिनक्सची नवी आवृत्ती बसवली, की 'माहिती' फोल्डरमधल्या फायली नव्याने काढा आणि आयएसओ बदला. जुनी पुसायची, नवी कॉपी करायची, सिंक. व्हेन्टॉयची नवी आवृत्ती आली तर तीच वरची आज्ञा '-आय' ऐवजी '-यू' देऊन चालवा, आतल्या फायलींना धक्का लागत नाही. वर्षानुवर्षं न लावता पडून राहिलेल्या पेनड्राइव्हवरची माहिती हळूहळू पुसट होऊ शकते, तेव्हा अधूनमधून तो लावून आयएसओची तीच एसएचए256 पडताळणी पुन्हा करा. 'फेल्ड' आलं तर नवा पेनड्राइव्ह घ्या.